आप्पांच्या बागेचा फोटो

यातलं अर्धं मी एका माणसाला सांगितलं आहे, तेही गेल्या महिन्यात, एसटीत बसून. उरलेलं अर्धं कुणालाच नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगून टाकतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा, सुरुवातीलाच आढेवेढे घ्यायला लागलो की नाही?

आधी माझी खोड सांगतो. मला हरणं जमत नाही. लग्नात पंगतीला बसलो आणि शेजारचा म्हणाला की जिलेबी कोरडीच चांगली, तर हात वाळेपर्यंत मी त्याला पाकातली जिलेबी पटवत बसेन. बायको म्हणते, तुम्हाला भूक कमी आणि हुज्जत जास्त लागते. खरं आहे तिचं.

आमचं गाव तासगावजवळ. मी द्राक्षवाला, वडीलही द्राक्षवाले. आमच्याकडे दोन बागायतदारांचं पटलं नाही — औषध कुठलं मारायचं, पाणी किती द्यायचं, घडांची विरळणी कधी करायची — तर त्याचा निकाल बागेत लागायचा. 'चल, माझी बाग बघ,' एवढं म्हटलं की समोरच्यानं जायचंच. नाही गेला तर वाद हरला असं धरत. वेलींच्या मांडवाखाली वाकून फिरायचं, पाला उलटा करून बघायचा, घड हातात घ्यायचा, आणि मग काय बोलायचं ते बोला. आवाज चढायचे, कधी कधी आठ-आठ दिवस बोलणं बंद व्हायचं. पण ज्याच्या मांडवाखाली उभा आहे त्याच्याविषयी माणूस धडधडीत खोटं कसं बोलणार? वर घड लोंबत असायचे ना.

या बागफेऱ्यांतले सगळ्यांत जाणते म्हणजे आप्पा. माझ्या बागेच्या पुढं ओढा, आणि ओढ्यापलीकडं त्यांची बाग. छाटणीची कात्री माझ्या हातात पहिल्यांदा त्यांनीच दिली. पानाचा रंग जरा बदलला की लोक आप्पांना बोलावत. ते यायचे, पान उलटं करायचे, आणि मग जे बोलायचे ते लोक ऐकायचे. पैसे नाहीत, मान होता. तो मानच त्यांची कमाई होती, असं मी आज म्हणतो. तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा — हेही आत्ताच, लिहिता लिहिता कळतंय.

मग मी बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ॲडमिन अर्थातच मी. सुरुवातीला फार छान चाललं होतं. पावसाचा अंदाज, रोगाचे फोटो, कुणाकडं मजूर आहेत, कुणाकडं नाहीत. नंतर वाद सुरू झाले, आणि मला माझं मैदान सापडलं. आप्पा एका बोटानं टाइप करायचे. त्यांचं एक वाक्य येईपर्यंत माझी चार पडलेली असायची. त्यांच्या वाक्यावर कुणी काही म्हणायचं नाही, माझ्यावर अंगठे आणि हसरे चेहरे यायचे. मी जिंकतोय असं मला वाटायचं. कशात जिंकत होतो? टाइप करण्यात.

वाद कशाचा होता? आप्पांनी फवारण्या कमी केल्या होत्या. पाला विरळ करायचा, वारं खेळतं ठेवायचं, रोज बाग बघायची आणि गरज पडली तरच औषध मारायचं, असं त्यांचं म्हणणं. मी वेळापत्रक लावून फवारणारा. पहिल्यांदा मी 'आप्पा, आदरपूर्वक असहमत' वगैरे लिहिलं. पंधरवड्यात 'आदरपूर्वक' गेलं. मग 'आप्पा' पण गेलं आणि 'काही जुनी खोडं' आलं. लोक हसले. लोक हसले की मला आणखी सुचायचं.

एक गोष्ट सांगताना मलाच हसू येतं. माझ्या फोनमध्ये दोन सिमकार्डं. दुसरा नंबर मी गुपचूप ग्रुपमध्ये घेतला होता, 'एक बागायतदार' या नावानं. मी काही लिहिलं की हा बागायतदार लगेच लिहायचा — 'एकदम बरोबर! असे अभ्यासू लोक पाहिजेत.' अंगणात खुर्ची टाकून मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटत बसायचो, आणि बायको विचारायची, एकटेच का हसताय?

एवढंच असतं तर कबुली कशाला दिली असती? एवढ्यावर हसून विषय संपला असता.

त्या वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला. हटेचना. आणि माझ्या बागेत दावण्या पडला. तुम्ही बागायतदार नसाल म्हणून सांगतो — पानाच्या मागं पांढरी बुरशी येते, मग घड तपकिरी पडतो आणि हातात चुरगळतो. एवढी औषधं मारून पडला. सकाळी बागेत गेलं की आणखी चार घड तपकिरी दिसायचे. आप्पांना हाक मारायला हवी होती. ते ओढा ओलांडून त्या पावसातही आले असते. पण चार लोकांत ज्याला जुनं खोड म्हटलं, त्याला कुठल्या तोंडानं बोलावणार? मी कुणालाच बोलावलं नाही. औषधाच्या दुकानदाराला दाखवायला म्हणून सडक्या घडांचा एक फोटो तेवढा काढून ठेवला.

त्याच दिवशी आप्पांनी ग्रुपवर लिहिलं, की यंदा एवढ्या पावसात माझ्या बागेत रोग नाही, ज्याला बघायची त्यानं यावं. त्यात टोमणा नव्हता. मला मात्र तो टोमणाच वाटला.

आता सांगतो.

मी दुसरा नंबर उघडला. माझ्या बागेचा तो फोटो टाकला आणि खाली लिहिलं — 'हे बघा आप्पांच्या बागेचे खरे हाल. आजच ओढ्याकडून काढलाय.' मग पहिल्या नंबरावर आलो आणि माझ्या नावानं लिहिलं — 'अरेरे! आप्पा, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला.'

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त बोचतं. खोटं तर बोललोच होतो. वर हळहळ कशाला दाखवली?

मग जे सुरू झालं ते मला थांबवायचंही नव्हतं. हसरे चेहरे, टवाळी, कुणी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली. त्यांच्यापुढं ज्यांची मान वर होत नव्हती त्यांनीही हात धुऊन घेतले. आप्पांचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं — 'ही माजी बाग न्हवं. या आन् बगून जावा.' त्यावरही लोक हसले. बाग गावातच होती, चालत जाण्याइतक्या अंतरावर. बोलावलं की जायचं ही आमची एवढी जुनी रीत. फोटो आलाय म्हटल्यावर जातंय कोण? संध्याकाळी आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले.

दरवर्षी त्यांच्या फाटकाशी गाडी थांबवणारा व्यापारी त्या वर्षी थांबला नाही. फोटो त्याच्याही फोनवर पोचला होता. खायची चांगली द्राक्षं सगळी बेदाण्याला गेली. नंतर कुणी पान दाखवायला त्यांना बोलावेना. आणि एप्रिलच्या छाटणीच्या वेळी, छाटणी करायच्या ऐवजी, आप्पांनी बाग उपटून काढली. आता तिथं ऊस आहे. ग्रुपवर लोक म्हणाले, रोग पडलेली बाग, काढणारच की. मी त्यावर अंगठा दिला.

माझी बाग? वाचली तेवढी विकली. ती बघायला कुणी आलंच नाही.

मग काही वर्षं गेली. मी आप्पांना रस्त्यात टाळायचो आणि ते मला टाळत नव्हते, हे फार जड जायचं. गेल्या महिन्यात साताऱ्याला गावातल्याच एकाच्या पोराचं लग्न होतं. परतताना सांगलीची गाडी गच्च भरलेली, आणि एकच जागा मोकळी — आप्पांच्या शेजारी. बसलो. पाऊसपाणी झालं, लग्नातलं जेवण झालं, कऱ्हाड गेलं. मी म्हणालो, आप्पा, तो फोटो माझ्या बागेचा होता. मीच टाकला होता.

ते खिडकीकडून माझ्याकडं वळले. मग त्यांनी काय विचारावं?

"कुटल्या वळीतला?"

मी म्हणालो, विहिरीकडच्या ओळीतला.

"म्हंजी तवा दावण्या तुज्या बागंत पडला व्हता. आन् हाक न्हाई मारलीस व्हय रं? मी आलो नसतो?"

आणि मग त्यांचा बांध फुटला. एवढ्या मोठ्यांदा बोलायला लागले की कंडक्टर मागं आला. "लय शाणा समजतूस सवताला! ह्या हातानं लावल्याली बाग काडली मी, सुभ्या! फाटकापासनं मान्सं त्वांड फिरवून जायाला लागली, मग ठिवू कुणासाठी?" आणखी बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि खरं सांगू? मला बरं वाटत होतं. कुणीतरी माझ्या तोंडावर, माझं नाव घेऊन, मला शिव्या देत होतं. त्यांची थुंकी माझ्या बाहीवर उडत होती. किती वर्षांनी माझ्याशी कुणी असं समोरासमोर भांडलं! इस्लामपूरपर्यंत ते भांडले. सांगलीला पिशवी उचलून उतरले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी गाढ झोपलो. दुसरा नंबर बंद करून टाकला. बायकोला वाटलं, लग्नात जेवण चांगलं झालं असेल.

पण आप्पांना मी सगळं सांगितलं नव्हतं. ते उरलेलं आता लिहितो, आणि लिहून झालं की हे सगळंच्या सगळं ग्रुपवरही टाकतो, माझ्या नावानं, पहिल्या नंबरावरून. लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, तसं बोलायला मीच शिकवलंय त्यांना. म्हणू देत. छातीवरचं ओझं उतरतंय, हे बोटांनासुद्धा कळतंय. आज मी पहिल्यांदाच सावकाश टाइप करतोय.

आप्पांनी 'बगून जावा' लिहिलं आणि कुणी गेलं नाही, असं मी वर म्हणालो. ते खोटं आहे. एकजण गेला होता. मी.

आप्पा अजून ग्रुपमध्येच होते तेव्हा. दुपारी पाऊस थांबल्यावर ओढ्यात उतरलो आणि मागच्या बाजूनं त्यांच्या मांडवाखाली शिरलो. का गेलो? कदाचित त्यांच्याही बागेत रोग असेल, मग माझं खोटं खोटं राहणार नाही, अशी आशा होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. पानं उलटी करून बघितली. मणी नुकते बाजरीएवढे झाले होते, हिरवेगार. रोगाचा डाग कुठंही नव्हता. घराच्या बाजूनं आप्पांचा आवाज आला. ते काकूंना सांगत होते, "आगं, च्याचं आदण जरा जास्त ठिव. लोकं येतील आता बाग बगाया."

मी तिथं उभा राहून ते ऐकलं. मग आल्या वाटेनं ओढा ओलांडून घरी आलो, आणि ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.