राखाडी सैन्य

केदारचं सैन्य मला बघवत नाही. परग्रहावरच्या लढाईचा आमचा खेळ, बोटभर उंचीचे सैनिक जेवणाच्या टेबलावर मांडून खेळायचा. माझ्या प्रत्येक सैनिकाचं चिलखत, गालावरचा व्रण, डोळ्यांची बुबुळंसुद्धा मी बारीक ब्रशने रंगवली आहेत. त्याचे मात्र खोक्यातून निघाले तसेच, राखाडी. काल त्याने फासे टाकून माझी पुढची रांग मारली आणि चिवड्याच्या तेलकट हाताने बाजूला लोटली.

"अरे, रंग जाईल! नीट उचल ना!" मी ओरडलो.

"मेलेत ते. आणि प्लास्टिक तर आहे," तो चिवडा चघळत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. स्वतःचे सैनिक तो हवे तेवढे मरायला पुढे ढकलतो, मी एकेकाला मागे जपत बसतो. म्हणूनच दर वेळी तो जिंकतो. खऱ्या लढायाही असलीच माणसं जिंकत असतील, ज्यांना आपल्या सैन्यातला एकही चेहरा ठाऊक नसतो.

जाताना त्याने सगळं सैन्य पिशवीत ओतलं. एक शिपाई टेबलाखाली राहिला. मी ब्रश घेतला आणि आधी त्याचे डोळे रंगवले. आता ढकल म्हणावं याला पुढे.