दारातून डोकावणारा साहेब

आधीच सांगते, मला सल्ले नकोत. घराची शांत करून घ्या, अमक्या मंदिरात जा, तमकं वाचा... असले प्रतिसाद आले तर उत्तर मिळेल आणि ते गोड नसेल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार. सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. प्रत्येकाच्या तळाशी त्यांची एक ओळ असायची – पाहिलं ते सांगा, तपासलं ते माना. म्हणून सांगतेय. नाइलाजाने.

बाबांकडे हाताने फिरवायचा एक प्रोजेक्टर होता, जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्यासोबत एकच रीळ मिळालं होतं – कुठल्याशा परदेशातला, अगदी सुरुवातीच्या काळातला विनोदी मूकपट. सात मिनिटांचा. शिडीवर रंगारी, खाली दार. दारातून जाडा साहेब ऐटीत बाहेर येतो आणि रंगाची बादली त्याच्या डोक्यावर पडते. साहेब कपडे बदलून येतो, या वेळी नुसतं डोकं बाहेर काढून वर बघतो... तेवढ्यात रंगारीच शिडीसकट त्याच्या अंगावर! कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मैदानात चादर बांधून बाबा हे दाखवायचे. लोक हसून मोकळे झाले की मग भाषण.

साहेब डोकावला की बाबा हँडल अगदी हळू फिरवायचे, लोकांचं हसू ओसरेपर्यंत. "हसणाऱ्याला पुढचं दिसत नाही," म्हणायचे. सगळ्यांत शेवटी हसायची आई. फिल्म गुंडाळणारी चकती मोडलेली होती, त्यामुळे बाहेर येणारी फिल्म आई मागे बसून हाताने गोळा करायची. तिने मान वर करेपर्यंत बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं. बाबा तिच्यासाठी थांबायचे. शंभरदा पाहिलेली फिल्म, तरी थांबायचे.

बाबा गेले. वर्षाने क्वार्टर्सच्या हॉलमध्ये त्यांच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठरला. पद्धत तीच – आधी फिल्म, मग भाषण. भाषण माझं. प्रोजेक्टर केव्हाच बंद पडला होता, म्हणून रिळावरून सीडी करून घेतली. माझा मित्र प्रवीण अमरावतीचा, हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. रविवारी दुपारी आमच्या कॉम्प्युटरवर त्याने ती लावून पाहिली.

साहेब डोकावला. आणि डोकावूनच राहिला.

चित्र अडकलं नव्हतं. तो डोळे मिचकावत होता, मिशी हलत होती, पण सगळं अगदी संथ. प्रवीण आणि मी हसून थांबलो. कोपऱ्यात लसूण सोलणाऱ्या आईने मान वर केली, पाहिलं, हसली. तिचं हसून झालं – आणि रंगारी धाडकन खाली!

"हँग झालं असन," प्रवीण म्हणाला.

"हँग झालेला माणूस डोळे मिचकावतो?"

"थांब ना बाप्पा, पुन्हा लावतो."

पुन्हा लावली. आई स्वयंपाकघरात असली की बरोबर सात मिनिटं. आई खोलीत आली की तिचं हसू होईपर्यंत साहेब दारात ताटकळत उभा. दुसरी सीडी काढली, तेच. प्रवीणच्या लॅपटॉपवरही तेच. आईला म्हटलं, या वेळी मुद्दाम हसायचंच नाही. बिचारा साहेब इतका वेळ डोकावत राहिला की शेवटी तिलाच दया आली.

प्रवीणने फाईल उघडून तपासली. "लांबी तेवढीच आहे. कॉम्प्युटरले माईक नाही, कॅमेरा नाही. काकू हसल्या हे याले कसं समजते?"

माझं डोकं फिरायची वेळ आली. त्यात वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारच्या शिंदेकाकूंनी नेमकं तेच पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या मॉनिटरला हळदकुंकू!

"अगं, आले बघ ते! साहेबाच्या रूपाने आले!"

"काकू, बाबा जाडे नव्हते."

"तू गप्प बस. कार्यक्रमाला मी नारळ आणतेय."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च. हातात हार, उदबत्त्या. एका आजोबांनी मला अत्यंत नम्रपणे विचारलं, "दर्शन किती वाजता?" ज्या माणसाने जन्मभर बुवांविरुद्ध पत्रकं वाटली, त्याचाच बुवा होणार होता. आणि पुजारीण मी!

मी आईला दारातच अडवलं. "तू आत येऊ नकोस. बाहेर बस."

"अगं, मी नुसती मागे बसून बघणार होते."

"आई, प्लीज."

ती वळली. बाहेर चपलांशेजारच्या पायरीवर जाऊन बसली.

आत फिल्म लागली. साहेब डोकावला, रंगारी पडला, सात मिनिटांत खेळ खलास. काकूंचा नारळ पिशवीतच राहिला. मग मी माईक हातात घेतला. "बघा! कुठे आहे चमत्कार?" जोरदार भाषण झालं, टाळ्या पडल्या.

बाहेर आले. आई तिथेच.

"थांबला का गं?"

"नाही."

"मग लोकांना पुढचं दिसलंच नसेल," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

खरंच दिसलं नव्हतं. हशा इतका होता की रंगारी पडलेला अर्ध्या हॉलने पाहिलाच नाही.

त्या दिवशी मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहून अर्धंच खरं सांगितलं. उरलेलं अर्धं हे. आईची माफी मागून झाली आहे, तुमचीही मागते. ज्यांना हे वाचून हार घेऊन यायचंय, त्यांनी कृपया येऊ नये. दार उघडणार नाही.

प्रवीण अजून फोन करतो, "काही सापडलं काय?" नाही सापडलं. तपासलं, तपासतेय, हाती काही लागत नाही, आणि याचा मला मनस्वी राग येतो. म्हणून मानलेलं काहीच नाही. पाहिलं तेवढं सांगितलं.

रविवारी दुपारी दाराला कडी घालून मी आईला सीडी लावून देते. ती लसूण घेऊन बसते. साहेब डोकावतो, थांबतो.

हल्ली आई मुद्दाम उशिरा हसते.