संगणकवाल्या मॅडम

मॅडमसमोर 'उद्या या' म्हणायची सोय नव्हती. खिडकीतून कुणी रुग्णाला तसं म्हटलंच, तर आतल्या खोलीतून आवाज येई, "काऊन उद्या? आज काय करून राहिले?" अंगाने ठेंगण्या, पण आवाज कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपायासारखा. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या आणि मी तिथली नवी तंत्रज्ञ.

एकदा नवेगाव बांधहून एक बाई मुलीला घेऊन सिकलसेलच्या तपासणीला आली. आधीचा अहवाल कागदांच्या ढिगात सापडेना, म्हणून आमचे जुने तंत्रज्ञ बिसेनभाऊ पुन्हा रक्त घ्यायला निघाले. मुलगी आईच्या पदरात शिरली. आई म्हणाली, "कागद तुमी हरपवता, अन् रगत माह्या पोरीचं काढता?"

मॅडम दारातच उभ्या होत्या. रक्त त्या दिवशी पुन्हा घ्यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र मॅडम घरचा संगणक रिक्षात घालून घेऊन आल्या.

त्यात प्रयोगशाळेच्या नोंदींसाठीची एक मुक्त प्रणाली होती. तिला परवाना विकत घ्यावा लागत नव्हता आणि ती उघडून आपल्याला हवी तशी बदलता येत होती. आमच्या वरच्या साहेबांना पटेना. "फ्री का माल कितने दिन टिकेगा, मॅडम? कंपनीचंच घेऊ."

"सर, कंपनीच्या डब्याला कुलूप असतं. बिघडलं की नागपूरच्या माणसाची वाट पाहत बसायचं. हे नुसतं फुकट नाही, मोकळं आहे."

साहेब परवानगीवर सही करीपर्यंत त्या रोज त्यांच्या दाराशी उभ्या राहिल्या. भारनियमनावर त्यांनी इन्व्हर्टरला ट्रकची बॅटरी जोडून तोड काढली. राहिले बिसेनभाऊ. "माही बोटं काचपट्टीची हायेत जी, याच्यावर नाई चालत." मॅडमनी वाद घातला नाही. भाऊंना शेजारी बसवून, विचारून विचारून पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत आणले. 'सॅम्पल रिजेक्टेड'ला भाऊंनी सुचवलं, 'नमुना पुन्हा लागेल'. आपले शब्द पडद्यावर उमटले, त्या दिवशी भाऊ खुर्ची सोडेनात.

नवेगावची बाई पुढच्या खेपेला आली तेव्हा मी नाव टाकलं आणि मागचा अहवाल छापून हातात दिला. मुलीने सवयीने बाही वर केलीच होती. मॅडमनी ती हळूच खाली ओढली.

मग त्यांची गडचिरोलीला बदली झाली. सत्कार नको म्हणाल्या, आणि शेवटच्या दिवशीही मला नोंदींचा बॅकअप घ्यायला शिकवत बसल्या. माझे डोळे वाहत होते. "रड, पण पासवर्ड बरोबर टाक," त्या म्हणाल्या.

पुढे तापाची साथ आली आणि नोंदींत एक नवा रकाना लागला. भाऊंनी आणि मी चुकतमाकत तो आमचा आम्हीच बसवला. आनंदाने मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी रकाना कसा बसवला ते सगळं विचारून घेतलं.

"बेस केलं. आता मले फोन नोका करू. बाजूच्या तालुक्यात हे कोनाले येते का पाहा."

सोमवारी आम्ही बाजूच्या सडक अर्जुनी तालुक्याला निघालेल्या एसटीत बसलो. भाऊंनी मॉनिटर मांडीवर घेतला होता, आणि खड्डा आला की ते त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरत होते.