सुट्टीबाहेरचा नवरा

दुबईच्या विमानतळावर मी माझ्या सख्ख्या नवऱ्याच्या शेजारून सामानाची ट्रॉली रेटत पुढे निघून गेले. मी शोधत होते तो काळ्याभोर केसांचा, कडक इस्त्रीच्या सफारीतला, अत्तर मारलेला माणूस. कठड्याला टेकून उभा होता तो पांढऱ्या केसांचा, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, कंपनीच्या निळ्या शर्टातला कुणीतरी काका. मागून "सुमन" अशी हाक आली तेव्हा आवाज ओळखला आणि लाज वाटून माझे पाय तिथेच थबकले.

त्याचं असं आहे, की आमच्या देवरुखला आखातातली माणसं दिसतात ती फक्त सुट्टीवर आलेली. निघायच्या आदल्या दिवशी केस काळे होतात, नवे कपडे चढतात आणि गावात उतरतो तो प्रत्येक जण नवरदेवासारखा. आमचे हे रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर फोरमन. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. मुलगी मांडीवर होती तेव्हा गेले आणि आता ती लग्न होऊन पुण्याला नांदते आहे. तेवढ्या वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक लावल्या तरी आमचा संसार दोन वर्षांचा भरेल की नाही, देव जाणे.

ह्यांनी ट्रॉली माझ्या हातातून घेतली. माझ्या चुकीबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि मी प्राथमिक शिक्षिका असल्यामुळे तेवढा महिना माझा होता. दिवाळीला नोकरी सोडून कायमचे घरी येणार, असं ह्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्याआधी महिनाभर तू इकडे ये, म्हणजे एकत्र राहायची थोडी सवय होईल, असंही म्हणाले होते. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण मला ते कायमचे यायला नको होते. ही गोष्ट मी कुणाला सांगणार? आखातातल्या माणसाच्या बायकोने वाटेकडे डोळे लावून बसायचं असतं. मी मात्र इतकी वर्षं घर, शेतीभाती, शाळा, मुलीचं शिक्षण सगळं एकटीने रेटलं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं.

रास अल खैमाचा रस्ता शारजा, अजमान, उम्म अल क्वैन अशी एकेक गावं मागे टाकत उत्तरेला जातो. शारजापर्यंत दुकानं, गाड्या, उंच इमारती. मग हळूहळू सगळं संपतं आणि दोन्हीकडे वाळू. ती पांढरी असेल असं मला वाटलं होतं, पण पुढे पुढे ती आपल्या जांभ्याच्या जवळ जाणाऱ्या रंगाची होत गेली. मधेच उंटांचा एक कळप रस्त्याच्या कडेने आरामात चालला होता. एका टपरीपाशी ह्यांनी करक (दूध आटवून, वेलची घालून केलेला चहा) घेतला. त्यात साखर घातली नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, चार वर्षं झाली बंद करून. सुट्टीत माझ्या हातचा गोड चहा हा माणूस निमूट पीत होता, असा त्याचा अर्थ.

ह्यांची जागा नखील भागात, एका किराणा दुकानाच्या वर होती. दोन खोल्या, मोरी, स्वयंपाकघर. खिडकीतून मागे उघडेबोडके डोंगर दिसतात, एक झुडूप असेल तर शपथ. गच्चीवर गेलं की दुसऱ्या बाजूला खोर (समुद्राचा आत शिरलेला फाटा) आणि त्यावरच्या होड्या. जागा सुरेख. घरही लखलखीत, आणि तिथेच पहिली ठिणगी पडली.

स्वयंपाकघर ह्यांचं होतं. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार, डबा भरलेला, ओटा पुसलेला. मी हौसेने आणलेलं कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ हाताशी ठेवलं, तर संध्याकाळी ते वरच्या फळीवर गेलेलं. मी मसाल्याचे डबे माझ्या सवयीने लावले, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिथल्या तिथे. भांडण नाही, आवाज नाही. डबे नुसते इकडून तिकडे जात राहिले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आम्हाला तर एक फळी पुरत नव्हती. हे गृहस्थ माझ्या घरी आले की काय काय हलवतील, या विचाराने मी रोज थोडी थोडी धास्तावत होते.

शेजारी श्रीवर्धनकडचं कुटुंब राहत होतं. रुकय्याभाभी, त्यांचा कापडाचा व्यापार करणारा नवरा आणि एक शाळकरी मुलगी. मी तिला मराठीत नाव विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि पळायची. भाभींनी पहिल्याच दिवशी भरलेलं पापलेट पाठवलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, मागल्या टायफॉइडमध्ये भाईंनी फार सोसलं, महिनाभर मी पेज नेऊन द्यायची.

मला ह्यांच्या टायफॉइडचं माहीतच नव्हतं. घरी येऊन मी ह्यांना विचारलं. उगीच तुला कशाला घोर, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मला तोंड उघडून बोलताही येईना, कारण माझं गर्भाशयाचं ऑपरेशन मी ह्यांना टाके निघाल्यानंतर दोन महिन्यांनी कळवलं होतं. दोघांनीही एकमेकांना घोर लावायचा नाही म्हणून एकमेकांना काही सांगितलंच नव्हतं.

असे दोन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ह्यांनी मला समुद्र दाखवायला नेलं. उन्हं कलली होती तरी हवा भाकरीच्या तव्यावरून आल्यासारखी लागत होती. गाडी हमरस्ता सोडून किनाऱ्याकडे वळली. पुढे पांढरंशुभ्र सपाट मैदान होतं, लांबवर पाण्याची निळी रेघ. मी म्हटलं, इथेच थांबू, चालत जाऊ. ह्यांनी ऐकलं नाही. मला ठाऊक आहे, म्हणाले.

ती सबखा (वरून मिठाची कडक पापडी, आत चिखल अशी जमीन) होती. पापडी फुटली आणि गाडी मागच्या चाकांवर बसली. ह्यांनी जोर लावला तशी ती आणखी रुतली. आसपास माणूस नाही, झाड नाही. भरती लागली होती आणि ओहळासारख्या खाचांतून पाणी आमच्या बाजूला सरकत होतं.

हे स्टिअरिंगशी बसले आणि मला हुकूम सोडायला लागले. मी मागून ढकलायला लागले. माझ्या चपला चिखलात गेल्या, साडी गुडघ्यापर्यंत भरली. आणि एकदम ह्यांच्या तोंडून अरबीमिश्रित हिंदी बाहेर पडलं.

"ए, यल्ला, ज़ोर से! खड़े खड़े क्या देखता है?"

मी हात काढून घेतले. तो माझ्या ओळखीचा आवाज नव्हता. भट्टीवरच्या माणसांना लावायचा आवाज होता आणि तो उद्या माझ्या अंगणात ऐकू येणार होता. मीही वर्गातल्या पोरांना लावते तो आवाज काढला.

"मी तुमच्या हाताखालची कामगार नाही," मी म्हणाले. "आणि एकदाचं सांगून टाकते. तुम्ही दिवाळीला घरी येऊ नका. मला नको आहे."

जिभेला हाड नसतं हेच खरं. ह्यांचा चेहरा उतरला. गाडीची किल्ली तशीच ठेवून ते हमरस्त्याच्या दिशेने चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग पाणी पुढच्या चाकाला लागलं. मी गाडीतली पायपुसणी काढून चाकांखाली सरकवत राहिले आणि अधूनमधून मैदानाकडे बघत राहिले. पांढऱ्या जमिनीवर तो निळा शर्ट आधी ठिपका झाला, मग दिसेनासा झाला. पाण्याची बाटली गाडीतच होती. या वयात, या उन्हात, पाणी न घेता हा माणूस गेला आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. वाटेत पडले तर? हे जग सोडून गेले आणि माझे शेवटचे शब्द "येऊ नका" असे झाले तर? मी गाडीचा हॉर्न वाजवत बसले. ऐकणार कोण? मला माझं घर एकटीला हवं होतं, हे खरंच होतं. पण हा माणूस जगात नसलेलं घर मला नको होतं. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

एक पिकअप धुरळा उडवत येताना दिसली. चालवणारा पठाण होता आणि शेजारी आमचे हे, अंग चोरून बसलेले. मी धावत जाऊन बाटली ह्यांच्या हातात दिली. पठाणाने दोर बांधता बांधता ह्यांची चांगलीच हजेरी घेतली.

"बीवी को अकेला छोड़के जाता है कोई इधर? समंदर का क्या भरोसा?"

हे पाणी पिऊन, तोंड पुसून म्हणाले, "इसी ने बोला, मत आओ."

पठाणाला कळेना. मला मात्र हसू फुटलं आणि हसता हसता मी रडायला लागले. गाडी निघाली. पठाण पैसे घेईना, तेव्हा बरोबर घेतलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा मी त्याच्या मांडीवर ठेवला. खुदा हाफिज म्हणून तो गेला.

परतीच्या वाटेवर एका राउंडअबाउटपाशी मीच तोंड उघडलं. म्हटलं, तुम्ही याल आणि सगळं आपल्या हातात घ्याल याची मला भीती वाटते. ते घर मी चालवलं आहे. आता डब्यांवरून तुमच्याशी झगडायची ताकद माझ्यात नाही.

ह्यांनी गाडी कडेला घेतली.

"मला उलट भीती वाटते," ते म्हणाले. "मी येईन आणि मला करायला काही नसेल. सुट्टीत मी ओटीवर बसतो. पाहुणेही तिथेच बसतात. तुझ्या घरात माझी बसायची जागा कुठली, ते मला माहीत नाही, सुमन."

मी ह्यांचा हात धरला. रस्त्यावर, उजेडात, गाड्या जाताना धरला.

उरलेले दिवस काही साखरेत घोळलेले गेले नाहीत. डब्यांवरून दोनदा वाजलं, पण आता मोठ्याने वाजलं आणि भाभी मधे पडल्या. एक दिवस मी रांधायचं, एक दिवस ह्यांनी, असं ठरलं. ह्यांच्या हातचं सुरमईचं कालवण माझ्यापेक्षा चांगलं होतं. ते कबूल करायला मला आठवडा लागला. ह्यांनी मला टायफॉइडचं सगळं सांगितलं. मी ऑपरेशनचं सांगितलं. ऐकताना ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. कुणीतरी हात धरायला हवा होता तुझा, एवढंच म्हणाले. तुमचाही, मी म्हणाले.

निघायच्या दिवशी विमानतळावर रांगेत शिरण्याआधी ह्यांनी विचारलं, "येऊ का मग?"

इतक्या वर्षांत ह्यांनी येण्याची तारीख कळवली होती, विचारलं कधीच नव्हतं.

"या," मी म्हणाले. "पण मला जमेलच असं नाही."

"मलाही," ते म्हणाले.

देवरुखला पोचले तर अंगणात माणसं जमलेली. खजूर, मलमाच्या बाटल्या, सुगंधी साबण वाटून झाले. सगळे गेल्यावर मी घरभर फिरले, एका माणसाला बसायला जागा शोधत. ओटी सोडली तर कुठेच नव्हती. माझं टेबल, माझं शिलाई मशीन, माझ्या तांदळाच्या कणग्या, शाळेच्या कागदांची कपाटं. वर्षावर्षाने मी ते घर गच्च भरत नेलं होतं आणि मला ते दिसलंही नव्हतं. मधल्या खोलीची पोफळीकडची खिडकी कपाटाने झाकलेली होती. तीन दिवस खपून ते कपाट मी रिकामं केलं आणि माळ्यावर चढवून घेतलं. जुन्या वह्या बाहेर काढताना जिवावर आलं, रडूही आलं. बदल चांगला असतो असं मी दरवर्षी मुलांकडून निबंधात लिहून घेते, पण तो होताना दुखतो हे एकाही निबंधात नसतं.

खिडकी उघडली, वारा आत आला. शेजारच्या घरातल्या जाऊबाई डोकावल्या आणि ती मोकळी जागा बघून म्हणाल्या की भाऊजींसाठी आरामखुर्ची आणून ठेव इथे, सुताराला आजच सांगते.

मी नको म्हटलं. इथे काय ठेवायचं ते ह्यांना आल्यावर विचारू, म्हणाले.

जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. या घरात मी कुणाला काही विचारणार आहे, हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.