वीतभर वर

लेक झाली तेव्हा घरात सगळ्यांना काळजी माझ्या पोटाची. ते सुटू नये म्हणून. दवाखान्यातून वराळ्याला माहेरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या सुती लुगड्याची पट्टी माझ्या पोटावर आवळली जाऊ लागली. एक टोक आई ओढायची, दुसरं मालिशवाल्या मावशी.

"घट बांधा, न्हाईतर पोट सुटंल," मावशी बजावायच्या.

दुखत होतं ते पोट नव्हतंच. त्याच्या खाली, अगदी पुढचं हाड. कुशीवर वळलं की तिथं काहीतरी कटकन सरकायचं. मोरीपर्यंत मी बदकासारखी फेंगडी चालायचे. वहिनी हसायची, मीही हसायचे. रडले असते तर दूध आटेल म्हणून सगळ्या धावून आल्या असत्या. आईला सांगितलं, तर म्हणाली, "बाळंतिणीचं दुखतंच गं. वात असतो तो." मग मावशी माझे पाय फाकवून मांड्यांत तेल जिरवायच्या. किती मायेनं! त्या मायेचाच मला आज राग येतो, आणि तो काढायचा कुणावर?

बारशाला मला पाळण्याशेजारी मांडी घालून बसवलं. उठताना पाहुण्यांसमोर किंचाळले. तेव्हा कुठं वडगावला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रे काढला. ओटीपोटाखाली दोन हाडं पुढं जिथं जुळतात, तो सांधाच बाळंतपणात फाकला होता. बाईंनी कुल्ल्यांभोवती बांधायचा पट्टा दिला. मांडी घालायची नाही, ओझं उचलायचं नाही.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"सध्या नाही. कुणीतरी मांडीवर आणून द्यायचं."

घरी आल्यावर आईनं तो पट्टा माझ्या अंगावर चाचपून पाहिला. "वीतभर खालीच बांधायचं होतं की गं," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ते 'सध्या' वर्षभर चाललं. वलवणला सासरी आल्यावर लेक सासूबाईंच्या कडेवर वाढली. त्या तिला दुधापुरती माझ्याजवळ आणायच्या, पोट भरलं की उचलून न्यायच्या. वेळेवर कळलं असतं तर ते वर्ष माझं असतं. याची हळहळ कशानंच जात नाही.

आता मी बरी आहे. लोणावळ्याच्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत येते. परवा लेक बरोबर होती, आणि तिची आजी, म्हणजे सासूबाईही. वलवण धरणाजवळच्या चढावर लेक दमली आणि तिनं आजीपुढं हात पसरले. आजीचे गुडघे तर आता तिचं ओझं पेलत नाहीत.

मी पिशव्या खाली ठेवल्या. "ये, मी घेते."

तिनं हात लगेच खाली घेतले.

"नको आई, तुझं हाड दुखेल," ती म्हणाली, आणि पुढं चालू लागली.