चार जण गेले

ती घटना मला आजही आठवते, कारण त्या तपासातला शेवटचा जबाब माझाच होता.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी निरीक्षक होतो. मिरवणुकीच्या रस्त्यावरून दोन गटांत आठवडाभर कुरबुर चालली होती. बाजाराच्या दिवशी दुपारी अचानक बातमी पसरली, चार जणांचा खून झाला. अर्ध्या तासात जमाव जमला, दगडफेक झाली आणि चौकातलं सायकल दुरुस्तीचं दुकान जळालं. प्रत्यक्षात कुणीही मेलं नव्हतं.

जाळपोळ करणारे दोन दिवसांत सापडले. अफवेचं मूळ मात्र सापडेना. मग खबऱ्याने एका शिंप्याचं नाव दिलं. मी त्याला ताब्यात घेतलं. तो सारखं एकच सांगत होता, चहावाल्या नानांकडून ऐकलं तेवढंच आपण बोललो. मला ते खरं वाटलं नाही. पण खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. हा शब्दही बदलत नव्हता. म्हणून नानांना बोलावलं.

नानांची टपरी ठाण्याच्या फाटकालगतच होती. ते खुर्चीवर बसेनात. खाली मान घालून अहिराणीत म्हणाले, "साहेब, तुम्हीच बोलनात. जीपना वायरलेसवर. चार जण गयात, मानसं धाडा."

मी वायरलेसची नोंदवही मागवली. वेळ जुळत होती. त्या दिवशी माझे चार शिपाई एरंडोलला बंदोबस्तासाठी गेले होते. जादा कुमक मागताना मी जीपमधून नियंत्रण कक्षाला हेच बोललो होतो, चार जण गेले, माणसं पाठवा.

शिंप्याची माफी मागून त्याला सोडलं. हे कागदावर आणू नका, असं वरिष्ठांनी सुचवलं. पण मग संशयित म्हणून शिंप्याचंच नाव राहिलं असतं. मी स्वतःचा जबाब नोंदवला.

दुसऱ्या दिवशी सायकल दुकानाच्या मालकाला जाऊन सगळं सांगितलं. तो जळक्या चाकांतून कामाची चाकं निवडत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमचा शब्द चुकला, समजलं. पण धावत आलेल्यांत माझी गिऱ्हाइकं होती. एकानंही विचारलं नाही, कोण चार?"

दंगलीच्या अहवालात कारणाचा एक रकाना असतो. मी त्यात 'अफवा' लिहिलं. पुढे नोकरीत असे बरेच अहवाल लिहिले आणि इतिहासात तोच शब्द राहतो, हेही पाहिलं. त्या माणसाच्या प्रश्नाला मात्र कुठल्याच अहवालात रकाना सापडला नाही.