कोऱ्या बाटलीतला पारा

काळाचौकीच्या चाळीत परबांच्या घरी धाकटी सून आली आणि थोरल्या मालनचं आरशाशी बिनसलं. तोवर आपल्या सावळ्या रंगाचं तिला काही वाटत नसे. पण प्रिती मुळातच गोरी, त्यात बाळंतपणानंतर जास्तच उजळली. सासूबाई, राधाबाई, येईल त्याला सांगायच्या, "बघा, आमच्या प्रितीच्या तोंडार कसां तेज इलां." मालन आत भाकऱ्या थापत असायची. वीस वर्षं या घरासाठी खस्ता खाल्ल्या, पण तिच्या तोंडावर कुणाला कधी काही दिसलं नव्हतं. नुसता जळफळाट व्हायचा तिचा.

"काय लावतेस गं?" तिने एकदा विचारलंच.

"आईने गावाहून लेप पाठवलाय, ताई." प्रितीने कुंकवाच्या करंड्यातला पांढरा लेप दाखवला आणि झटकन झाकण लावलं.

आता गंमत बघा. मालन परळच्या एका लॅबमध्ये ऑनलाइन विकली जाणारी गोरेपणाची क्रीमं तपासायची. कुठल्या डबीत रंग उजळवणारा विषारी पारा आहे हे शोधण्यात तिचा हातखंडा. असलं क्रीम तिने फुकटातही लावलं नसतं. पण गावचा घरगुती लेप, त्याला कसली भीती? प्रिती बाळाला न्हाऊ घालायला गेली की मालन करंड्यातला बोटभर लेप चोरायची. दोन महिने हा उद्योग चालला होता.

लॅबमध्ये दर तपासणीला एक कोरी बाटली ठेवतात. तिच्यात क्रीम नसतं, नुसतं ॲसिड. तिथे पारा शून्य आला तरच बाकीचे आकडे खरे धरायचे. त्या सोमवारी मालनच्या कोऱ्या बाटलीत पारा निघाला. पुन्हा केलं, पुन्हा निघाला.

"मालनताई, तुम्ही मघापासून ग्लोव्हजच्या हाताने गाल खाजवताय," हितेंद्र सर म्हणाले.

तिने कापसाने गाल पुसला आणि तो कापूस तपासला. आठवड्यातल्या सगळ्या डब्यांपेक्षा मोठा आकडा आला.

खोटं कशाला सांगा, आधी तिला बरंच वाटलं. म्हणजे ते तेज असलं होतं तर. चारचौघांत कसं सांगायचं, याचे शब्दही तिने जुळवले. मग प्रितीच्या गालाला गाल लावून झोपणारं बाळ आठवलं, आणि ती अर्धी रजा टाकून घरी आली.

"प्रिती, तो लेप टाकून दे. पारा आहे त्यात. बाळाला डॉक्टरांकडे नेऊ."

प्रितीने बाळाला खांद्यावर आणखी घट्ट धरलं. "तुम्हाला माझं बघवत नाही ना, ताई? पहिल्यापासून बघतेय मी."

यावर बोलायला मालनजवळ एकच पुरावा होता. "माझ्याच गालावर सापडला. दोन महिने तुझा लेप चोरून लावतेय मी."

प्रितीचा आवाज उतरला. "आईचा नाही तो. मोबाइलवरून मागवला होता."

राधाबाई मालनकडे निरखून बघत होत्या. "दोन म्हयने?" त्या म्हणाल्या. "तुज्या तोंडार तर काय्येक दिसूक नाय."

प्रितीने बाळाचा गाल आपल्या गालापासून दूर केला आणि बाळ मालनपुढे धरलं. मालनने ते घेतलं नाही. ती आधी तोंड धुवायला मोरीत गेली.